नॉर्वेजियन सासरचे जुने कागद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणाऱ्या आणि नॉर्वेजियन घराण्यांशी सोयरीक झालेल्या मराठी वाचकांची पत्रे बहुधा एकाच वळणाची असतात. सासरकडच्या एखाद्या वृद्धेचे घर रिकामे करायचे असते, माळ्यावर पत्रे, छायाचित्रे आणि चर्चच्या वह्या सापडलेल्या असतात, आणि त्यांचे काय करावे याविषयी कोणीतरी काहीतरी सांगितलेले असते. वाळवीपेक्षा या सांगोवांगीनेच अधिक कागद नष्ट झाले आहेत, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : सासऱ्यांच्या पणजोबांचे आडनाव न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतर-तपासणी केंद्राच्या अधिकाऱ्याने बदलले, असे घरात सांगतात. मूळ नाव कसे शोधावे?

ही कथा सोडून द्यावी. बेटावरचे अधिकारी नावे नव्याने लिहून घेत नसत. जहाज निघताना कंपनीने तयार केलेली यादी समोर ठेवून ते प्रवाशांना प्रश्न विचारीत. शिवाय एलिस बेट १८९२ मध्ये सुरू झाले, आणि त्याआधीच लाखो नॉर्वेजियन अमेरिकेत पोहोचले होते, त्यांपैकी अनेक जण कॅनडातील क्विबेकमार्गे. खरे कारण नॉर्वेतील नावांच्या रीतीत आहे. हान्सचा मुलगा उले हा उले हान्सेन होई, आणि त्यापुढे तो ज्या शेतावर राहत असे त्या शेताचे नाव लागे. आपल्या ‘कर’ आडनावांशी तुलना करण्याचा मोह होतो, पण कोल्हापूरकर पुण्यात स्थायिक झाले तरी कोल्हापूरकरच राहतात, तर नॉर्वेतला माणूस दुसऱ्या शेतावर गेला की त्याच्या नावाचा तो भाग बदलत असे. अमेरिकेत कोणी वडिलांचे नाव धरले, कोणी शेताचे, आणि सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी झाली. खुद्द नॉर्वेत कायमच्या आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली. त्यामुळे आधी जन्मतारीख आणि मूळ पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग, निश्चित करावा, आणि मग नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किव्हे’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेली चर्चची पुस्तके व १८६५ ची जनगणना पाहावी. एकाच पॅरिशमध्ये चार उले हान्सेन सापडतील, तेव्हा वंशवृक्ष पक्का करण्यापूर्वी जाणकार वंशावळी-संशोधकाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : एका संकेतस्थळावर आमच्या नॉर्वेजियन आडनावाचे ‘कुळाचे मानचिन्ह’ चौकटीसह मिळते. घ्यावे का?

घेऊ नये. स्थलांतरित बहुतेक शेतकरी, कूळ आणि मजूर होते, आणि नॉर्वेने १८२१ मध्येच सरदारकी रद्द करण्याचा कायदा केला होता. विक्रेता तुम्हाला फक्त चौकट विकत आहे.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांना लॅमिनेशन करावे, असे दुकानदार म्हणतो.

दुकानदाराचा तो धंदा आहे. लॅमिनेशन सुरक्षितपणे काढता येत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्रे ओढूनही काढू नयेत. पान आहे तसे स्कॅन करावे आणि पुढचे संवर्धनतज्ज्ञाला विचारावे. नावे मागच्या बाजूस, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहावीत.

प्रश्न : १८५० च्या सुमाराच्या चित्रित लाकडी पेटीला नवा रंग द्यावा का?

नाही, आणि ती ओल्या फडक्याने पुसूही नये. आयोवातील डेकोरा येथील वेस्टरहाइम या नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालयास छायाचित्र पाठवून विचारावे.

प्रश्न : आमच्या गावातले लहान ल्यूथरन चर्च बंद होत आहे. मी समितीवर आहे. जुन्या वह्या फोनवर टिपून मूळ प्रती सभासदांना आठवण म्हणून वाटाव्यात, असे ठरत आहे. महिला मंडळाच्या वह्यांत तर फक्त कॉफी आणि शिवणकाम आहे.

हे ठरत असेल तर कृपया आजच थांबवावे. पहिली गोष्ट, या वह्या समितीच्या मालकीच्या नाहीत. चर्चची मंडळी विसर्जित होताना तिच्या दप्तराचे काय करायचे, याचे नियम त्या-त्या चर्चसंस्थेत असतात, म्हणून एकही वही इमारतीबाहेर जाण्यापूर्वी सिनॉडच्या, म्हणजे चर्चसंस्थेच्या प्रादेशिक शाखेच्या, कार्यालयाशी आणि त्यांच्या अभिलेखागाराशी लेखी संपर्क साधावा. दुसरी गोष्ट, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींत पाद्री अनेकदा नॉर्वेतील जन्मस्थान लिहीत, जे अमेरिकी जनगणनेत सापडत नाही, कारण तेथे फक्त ‘नॉर्वे’ एवढेच असते.

आणि तिसरी गोष्ट त्या कॉफीची. ‘क्विन्नेफोरेनिंग’ म्हणजे त्या महिला मंडळाने मोजे विणून, लिलाव करून आणि जेवणे घालून जमवलेल्या पैशांवर अनेक चर्चच्या इमारत तापवण्याच्या भट्ट्या, घंटा आणि ऑर्गन उभे राहिले. त्याच पैशांतला वाटा मॅडागास्करला गेला, आणि आपल्या संताळ परगण्यातही, जेथे लार्स स्क्रेफ्सरूड या नॉर्वेजियन मिशनऱ्याने १८६७ मध्ये काम सुरू केले होते. पुरुषांच्या सभांच्या इतिवृत्तांत या स्त्रिया ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येतात. स्वतःच्या वहीत त्या हिशेब ठेवतात, मत देतात, भांडतात. इतिवृत्त नॉर्वेजियनमधून इंग्रजीत कोणत्या वर्षी गेले, हेही तेथेच दिसते. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी परकीय भाषा वापरण्यास बंदी घातली, त्या धाकाचा परिणाम एखाद्या गावावर किती झाला, हे शोधायला इतकी जवळची जागा दुसरी नाही. या वह्या एकत्र आणि मूळ क्रमाने असतील तरच त्या बोलतात; बारा घरांत वाटलेल्या बारा वह्या म्हणजे बारा शोभेच्या वस्तू. फोनवरची छायाचित्रे मुळाची जागा घेत नाहीत, आणि ‘फुकट स्कॅन करतो, मूळ प्रती आमच्याकडे ठेवतो’ म्हणणाऱ्यांना दारात उभे करू नये. तूर्त प्रत्येक वहीचे नाव, वर्षे आणि ती कोठल्या कपाटात होती, एवढी यादी करावी. टाचण्या काढणे, पाने चिकटवणे हे तज्ज्ञांवर सोडावे.

प्रश्न : नॉर्वेहून आलेली पत्रे भावंडांत वाटून घ्यायची आहेत. फोनवरच्या अ‍ॅपने भाषांतर केले तर चालेल का?

वाटून घेऊ नयेत. स्कॅन करून प्रती वाटाव्यात, पाकिटे पत्रांसोबतच ठेवावीत आणि तिकिटे कापून विकू नयेत, कारण शिक्क्यावरची तारीख आणि गाव हे कधीकधी एकमेव पुरावे असतात. अ‍ॅपचे म्हणाल तर ही पत्रे गॉथिक वळणाच्या हस्ताक्षरात, डॅनिशला जवळ असलेल्या लेखी भाषेत आणि मध्येच बोलीत लिहिलेली असतात. यंत्राने साधारण मतलब कळेल, पण त्यावर विसंबून काहीही छापू नये. छापण्याविषयी आणखी एक इशारा : पत्र तुमच्याकडे असले तरी मजकुराचा हक्क लेखकाच्या वारसांचा असतो, आणि अमेरिकेत अप्रकाशित लेखनासाठी तो सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो.

प्रश्न : मूळ कागद नेमके कोणाला द्यावेत?

पत्रे, रोजनिश्या आणि संस्थांची दप्तरे यांसाठी मिनेसोटातील नॉर्थफील्ड येथे सेंट ओलाफ कॉलेजात असलेल्या नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनला प्रथम विचारावे. एकाच गावापुरते साहित्य असेल तर काउंटीची (जिल्ह्याची) इतिहास संस्था अधिक योग्य ठरू शकते. खोका घेऊन दारात जाऊ नये. यादी पाठवावी, आणि दानपत्र वाचून, शंका असल्यास वकिलाला दाखवून सही करावी. ही असोसिएशन १९२५ मध्ये स्थापन झाली, म्हणजे नॉर्वेजियन स्थलांतरितांचे ‘रेस्टोरेशन’ हे पहिले जहाज नॉर्वेतील स्टॅव्हॅंगरहून अमेरिकेकडे निघाल्यावर शंभर वर्षांनी. तोवर त्या जहाजातले कोणी सांगायला उरले नव्हते.

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या मुलाखतींच्या कॅसेट आहेत. निवृत्तीनंतर सावकाश बसून ऐकणार आहे.

चुंबकीय फीत तुमच्या निवृत्तीची वाट पाहणार नाही. जुन्या यंत्रात घालून ‘चालते का’ हेही पाहू नये. ध्वनिफितींचे डिजिटायझेशन करणाऱ्या जाणकाराकडे या महिन्यात द्याव्यात, आणि डब्यांवरची लेबले काढू नयेत.