सोसायटीच्या कमिटीत नवा आलायस म्हणून

अरे, वेगळ्या वंशाच्या माणसाला परकं मानणं 'उपजतच असतं' म्हणून हात झटकू नकोस. प्रयोगांत नवजात बाळांनी कुठल्याच वंशाच्या चेहऱ्याला झुकतं माप दिलं नाही. 3 महिन्यांची मात्र रोजच्या ओळखीच्या वंशाकडे जास्त वेळ बघत होती. फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना मोठेपणी गोरे चेहरेच जास्त चांगले ओळखता येत होते. आपलं-परकं करायची खोड जन्मजात असेलही, पण परकं कोण, हे भोवताल शिकवतो.

मनावर ताबा वगैरे सोड, ते कुणाला जमलंय! भाड्याने राहायला नायजेरियन किंवा मणिपुरी विद्यार्थी आला, की कागद कायद्याने लागतात तेवढेच माग: सगळ्यांना भाडेकरार, पोलीस पडताळणी; परदेशी असेल तर पासपोर्ट-व्हिसा आणि घरमालकाने करायची परदेशी नागरिकाची नोंदही. नकार द्यायचाच तर कारण इतिवृत्तात लिही. लिहिताना पेन अडखळलं, तर विषय परत मांड. आणि 'ते लोक' म्हणणाऱ्या काकांना त्या पोराचं नाव विचार.