लेट खो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलेला दिसला. मी साडेपाचला उठून वाचला. "सर, टीम सहा जणांची आहे, पण मरते मी एकटीच. कुणी जबाबदारीच घेत नाही." फोन केला असता, पण फोनवर तू "हो सर, बरोबर सर" करत राहतेस आणि माझं बोलणं अर्ध्यात आटोपतं. म्हणून हे पत्र.

कंपनीने तुम्हाला गेल्या महिन्यात रिसॉर्टवर नेऊन रस्सीखेच खेळायला लावली म्हणालीस. रस्सीखेचीत सगळे एकाच बाजूला तोंड करून एकच काम करतात. असं कुठल्या ऑफिसात असतं? त्यापेक्षा खो-खो खेळवला असता तर पैसे वसूल झाले असते.

तू शाळेत खो-खो खेळली असशीलच. पण बघताना आपण सगळे पळणाऱ्यांकडे बघतो. जरा बसलेल्यांकडे बघ. मधल्या पाटीवर आठ जण बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. ज्याला पकडायचं त्याला मात्र यातलं काहीच बंधन नाही. तो दोन बसलेल्यांच्या मधून सुळकन पलीकडे जातो. म्हणजे आक्रमक वाऱ्यासारखा पळणारा असला, तरी खेळाच्या नियमानेच तो एकटा अपुरा आहे. गडी पलीकडे गेला की पलीकडे तोंड करून बसलेल्या कुणाला तरी खो द्यायचा, दुसरा इलाज नाही.

तुझ्या टीममधल्या टेस्टिंगवाल्याबद्दल तू लिहिलंस, "ह्याचं तोंड कायम उलट्या दिशेला." अगं, तो बरोबर बसलाय! आठही जण तुझ्याच बाजूला तोंड करून बसले, तर पलीकडे गेलेला गडी कोण पकडणार?

आता माझी फजिती सांगतो. कॉलेजात असताना जिल्हा पातळीवर अंतिम सामना होता. नऊ मिनिटांच्या डावातलं शेवटचं मिनिट, एक गडी बाद केला की बरोबरी. मी त्याच्या मागे लागलो. हात इतका जवळ पोचला होता की त्याच्या बनियनची उसवलेली शिवण दिसत होती. वाटेत आमचे दोघे बसले होते, त्यांना मी खो दिला नाही. आत्ता पकडतो, आत्ता पकडतो. तेवढ्यात गड्याने हुलकावणी दिली आणि पलीकडे. मी भानावर येऊन तिसऱ्याला खो दिला, पण तोवर त्याचा चौकोन ओलांडून पुढे गेलो होतो. शिट्टी. लेट खो, फाउल. फाउल झाला की आक्रमकाला उलट दिशेने जावं लागतं. मी उलटीकडे, आणि गडी कमरेवर हात ठेवून दम खातोय. एका गुणाने हरलो.

गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आठ दिवस तू फक्त बसायचंस."

बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चवड्यांवर भार, टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली, पाणी मारलेल्या लाल मातीचा वास नाकात, आणि कान मागे. पावलांच्या आवाजावरून कोण येतंय ते ओळखू यायला लागलं. प्रत्येक वेळी अंगात वीज भरायची, आता खो मिळणार. पण गुरुजींनी आक्रमकाला सांगून ठेवलं होतं, याला खो द्यायचा नाही. पहिले दोन दिवस मी तयारीत होतो. तिसऱ्या दिवशी खाली बघितलं, तर माझ्या टाचा आपोआप मातीला टेकल्या होत्या.

"कुणी जबाबदारी घेत नाही" हे वाचून मला त्या टाचा आठवल्या.

एवढं शिकून मी सुधारलो असेन असं तुला वाटेल. कसलं! पुढे बँकेत लागलो. तेव्हा शाखेत कॉम्प्युटर नव्हते, 31 मार्चला हाताने ताळे जुळवायचे. सेव्हिंग्जच्या लेजरचा ताळा मीच जुळवणार म्हणून दुपारपासून बसलो. 27 रुपयांचा फरक काही केल्या सापडेना. रात्री अकराला हार मानून शेजारच्या टेबलावरच्या बाईंपुढे लेजर सरकवलं. त्यांनी आधी लेजर उघडलंच नाही. म्हणाल्या, "27 ला नऊने भाग जातो, कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत." पंधरा मिनिटांत सापडलं, 58 च्या जागी 85. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे सहाला दिलं असतंत तर माझी शेवटची बस चुकली नसती." पुन्हा लेट खो.

तर तू असं कर. आज तुझ्याकडे असलेल्या कामांपैकी जे तू "थोडं पूर्ण करून मग देते" म्हणून धरून ठेवलंयस, ते आजच दे, अर्धं असतानाच. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री दिलेलं काम म्हणजे उलट दिशेने पळायला लावणं. आणि देताना स्पष्ट दे. खो देताना पाठीला स्पर्शही करावा लागतो आणि "खो" मोठ्याने म्हणावंही लागतं. "कुणीतरी बघा ना हे" असं ग्रुपवर टाकणं म्हणजे खो नव्हे.

दिल्यावर तू त्याच्या जागी बस. नवा आक्रमक उठला की डावीकडे जायचं की उजवीकडे, हे तो ठरवतो. मागून ओरडून दिशा सांगणारे आमच्याकडेही होते, त्यांचं कुणी ऐकत नसे. तुझे रात्रीचे दुरुस्तीचे मेसेज त्याच जातीचे आहेत, रागावू नकोस.

आणखी एक. गुणपत्रकावर गडी बाद करणाऱ्याची नोंद होते, वेळेवर खो देणाऱ्याची होत नाही. मैदानावर त्याला इलाज नाही. पण साहेबांना जाणारा मेल तू लिहितेस. त्यात त्याचंही नाव घाल.

हे सगळं करूनही एखादा उठणार नाही. असतात असे. पण त्याला बदलायची भाषा करण्याआधी त्याला शेवटचा खो कधी दिला होतास, ते आठव.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. घरातले सगळे टीव्हीपुढे सूर मारणाऱ्यांना टाळ्या वाजवत होते. मी आपला बसलेल्यांच्या टाचा बघत होतो. मॅटवर, बूट घालून, पण टाचा वर! बायको म्हणाली, तुमचं काहीतरी वेगळंच.

येत्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये. पोरांना सध्या बसायला शिकवतोय, मध्ये एक चौकोन रिकामा ठेवतो. तुझ्या टेस्टिंगवाल्यालाही आण. सकाळी काही खाऊन येऊ नका, नंतर मिसळ आहे.

तुझा,
सर