पोळ्या शिकवा, पण सातबाराही दाखवा

तुमचा मुलगा नववीत, मुलगी सहावीत. त्याला पोळ्या लाटायला लावता, तिला बँकेचे व्यवहार शिकवता, आणि विचारताय की घरात समानता आणखी कशी शिकवावी. पोळ्या रोज लाटू द्या. रविवारी कौतुकानं लाटलेल्या चार पोळ्यांचा उपयोग नाही.

पण घर किती समान आहे हे कळते ते तलाठ्याकडे. आम्ही नागपूरचे, शेती काटोलकडे, संत्र्याची बाग. बाबांनी मला इंजिनिअर केलं, पोरगी म्हणून कधी अडवलं नाही. वहिनीची रात्रपाळी असली की लेकरांचे डबे दादाच भरतो. नात्यात आमच्या घराचं उदाहरण देतात. बाबा गेले, तेरवीचे पाहुणे अजून घरातच होते, आणि दादानं हक्कसोडपत्र पुढे केलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलनं फुल्या मारून आणल्या होत्या. आई म्हणाली, "करून टाक बाई, माहेर टिकवावं लागते पोरीला." मामा म्हणाले, "तुले काय कमी आहे? जावई चांगले कमावून राहिले." माझ्या शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब निघाला. दादाच्या शिक्षणाचा कोणी काढला नाही.

मी सही केली नाही. त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. मी घर फोडलं असं मामा अजून म्हणतात. माझ्या मते घर फोडलं ते तेरवीत कागद काढणाऱ्यानं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

कायद्यात संदिग्ध काही नाही. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाइतका वाटा दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. वडिलांची स्वकष्टाची मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ पासून वारस आहे. भाऊबीजेच्या साडीत हे सगळं फिटत नाही.

म्हणून दोन्ही लेकरांना समोर बसवून सातबारा दाखवा, हे तुम्हा दोघांचं आहे असं आत्ताच सांगा. आणि तुमच्या बहिणीकडून अशी सही घेतली असेल, तर आधी तिच्याशी बोला. मुलं तेच पाहून शिकतील.

एक मात्र आहे. बागेत राबतो दादा. बहार धरणं, पाणी, फळगळ, व्यापाऱ्याशी भाव, सगळं त्याच्या अंगावर. म्हणून उत्पन्नातलं मी काही घेत नाही. एखादी बहीण समजून-उमजून, खुशीनं हक्क सोडत असेल तर तिला कोणी नावं ठेवू नयेत. आणि नाव लावायच्या आधी इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का तेही बघा. वाट्यासोबत तोही येतो. आमच्या सातबाऱ्यावर होता. माझ्या हिश्श्याचं कर्ज मी भरते आहे.