जुन्या फियाटच्या काळवंडलेल्या पट्ट्या ब्रासोने का उजळत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची फियाट पणजीत दारातच उभी असते, बंपर आणि खिडक्यांच्या पट्ट्या काळवंडल्यात, ब्रासो घासघासून हात दुखले तरी चमक येत नाही. काय करावं?

आधी ब्रासो कपाटात ठेवा. मी हे सगळं बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे फियाटच्याच देशी आवृत्तीवर, करून बसलोय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मागच्या बंपरवरचा गंज वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या बारीक सँडपेपरने) काढायला घेतला. गंज गेला, पण तिथे फिकट पिवळसर झाक दिसायला लागली. मला वाटलं मळ असेल, म्हणून आणखी घासलं. ते निकल होतं! त्याच्यावरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, तो मी केव्हाच उडवला होता. शेवटी बंपर उतरवून प्लेटिंगला, म्हणजे नव्याने थर चढवायला, द्यावा लागला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चावी दुसऱ्या खिळ्याला गेली.

म्हणून आधी धातू ओळखा. बंपर म्हणजे क्रोम चढवलेलं लोखंड, चुंबक लगेच चिकटतं. पट्टीला चिकटलं नाही तर ती ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची. पण काही जातींच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतं, तेव्हा एक पट्टी काढून हातात तोलून बघा. ॲल्युमिनियम लगेच हलकं लागतं.

बंपरवर नुसते गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. मग धुवा, कोरडं पुसा, मेण लावा. पापुद्रे सुटले असतील तर मात्र प्लेटिंगशिवाय इलाज नाही. लोखंडी काथ्या नकोच, त्याचे तुकडे अडकून तेच गंजतात.

तुमची खरी अडचण बहुधा खिडकीच्या पट्ट्यांत आहे. ॲल्युमिनियम ॲनोडाइज केलेलं असेल तर वर पारदर्शक, कडक थर असतो आणि धुरकटपणा त्या थरातच असतो. ब्रासोचं तिथे काही चालत नाही. तो थर कॉस्टिक सोड्याने काढतात, पण ते काम प्लेटिंगवाल्यालाच करू द्या, डोळ्यांशी खेळ नको. मग 600, 1000, 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यासकट, शेवटी बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने पॉलिश. पण उघडं पडलेलं ॲल्युमिनियम आपल्या खाऱ्या हवेत पुन्हा मळकटतं, त्यामुळे पुन्हा ॲनोडाइज करा नाहीतर दर महिन्याला मेण लावत बसा.

स्टेनलेस असेल तर नशीबवान आहात, त्यावर थर नसतोच. आधी सिसलचं, म्हणजे जाड्याभरड्या वनस्पतीच्या धाग्याचं पॉलिशचं चाक, मग सुती. फक्त चाक कडेवरून बाहेर निघेल अशी पट्टी धरा. ते कडेवर चढलं की पट्टी हातातून हिसकावली जाते आणि तिची जिलबी होते.

काकूने समईसाठी ठेवलेली मीठ-चिंच सुचवली होती. पितळेला उत्तम, इथे नको.

पट्ट्या परत बसवताना लोखंडी क्लिपांना ग्रीस लावा. ॲल्युमिनियमला लोखंड टेकलं आणि मिठाचा ओलावा मिळाला की ॲल्युमिनियमच झिजतं. आत पांढरी भुकटी दिसली तर समजा ते सुरू झालंय. मिरामारच्या किनाऱ्यावर चक्कर मारून आलात की गाडीवर साध्या पाण्याची एक बादली ओता.