हँडहेल्डवर गेम खेळताना मेमरी कार्डाच्या वेगाने फरक पडतो का?

हँडहेल्ड गेमिंग यंत्रासाठी प्रतिसेकंद २०० एमबी वेगाचे महाग मायक्रोएसडी कार्ड घ्यावे की १०० एमबीचे साधे कार्ड पुरेल, असा तुमचा प्रश्न आहे. यंत्र कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि नेमका तोच तपशील इथे निर्णायक आहे.

स्टीम डेक आणि पहिला निन्टेन्डो स्विच यांचा स्लॉट यूएचएस-१ (कार्ड आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीचा वेग ठरवणारे एक मानक) प्रकारचा आहे. या प्रकाराची कमाल मर्यादा प्रतिसेकंद १०४ एमबी असून प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहून कमीच भरतो. वेष्टनावर छापलेला १७० किंवा २०० हा आकडा खोटा नसतो. मात्र तो मानकाबाहेरच्या जलद पद्धतीने मिळवलेला असतो आणि ती पद्धत ओळखणारा कार्ड रीडर असेल तरच तो दिसतो. त्यामुळे संगणकावरून मोठ्या फायली वारंवार कार्डावर उतरवणाऱ्यालाच त्या जास्तीच्या पैशांचा मोबदला मिळतो.

गेम एकदा रॅममध्ये चढला की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर ठरतो, कार्डावर नाही. फरक जाणवतो तो लोडिंगच्या वेळेत, आणि ज्या गेममध्ये विस्तीर्ण जग फिरता फिरता कार्डावरून वाचले जाते तिथे मधूनच बसणाऱ्या झटक्यांत. अशा वेळी असंख्य लहान तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात, म्हणून मी एमबीच्या आकड्याआधी ए१ किंवा ए२ हे चिन्ह पाहतो. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने. ए२मध्ये हेच आकडे ४,००० आणि २,००० आहेत. परंतु ए२चा पूर्ण लाभ यंत्राने कमांड क्यू (अनेक आदेश एकदम रांगेत घेणे) आणि कॅशे (माहिती तात्पुरती जलद जागी ठेवणे) यांना साथ दिली तरच मिळतो, एरवी चांगले ए१ कार्डही तितकेच उपयोगी पडते.

लिहिण्याच्या वेगासाठी यू३ किंवा व्ही३० चिन्ह पुरेसे आहे. त्यात सलग लेखनाचा किमान वेग प्रतिसेकंद ३० एमबी असतो. घरचे इंटरनेट १०० एमबीपीएसचे (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असेल तर डाउनलोड मुळातच सेकंदाला साडेबारा एमबीच्या पुढे जाणार नाही, तेव्हा तिथे कार्ड अडसर ठरत नाही. अपडेटची गोष्ट वेगळी. काही गेममध्ये लहानशा अपडेटसाठीही अवाढव्य फायली कार्डावरच वाचून पुन्हा लिहिल्या जातात आणि मंद कार्डावर हे काम इतके रेंगाळते की माझी चिडचिड लोडिंगपेक्षा त्यानेच अधिक झाली आहे.

जुने गेम एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळणार असाल तर वेगाचा विचार जवळपास सोडून द्या, कारण गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या जुन्या हँडहेल्डचा सर्वसाधारण गेम ३२ एमबीपेक्षा मोठा नसे. अशा स्वस्त यंत्रांसोबत येणाऱ्या बिननावाच्या कार्डावर मात्र मी विसंबत नाही. त्यातील सर्व काही आधी दुसऱ्या चांगल्या कार्डावर उतरवून घेतो. नवे कार्डही एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासतो, कारण छापलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी लहान निघणारी बनावट कार्डे बाजारात आहेत.

तुमचे यंत्र २०२५ मध्ये आलेला स्विच २ असेल, तर वरचे बहुतेक सारे बाजूला ठेवा. त्यावर गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या, अधिक जलद प्रकारचे कार्डच लागते. जुन्या प्रकारच्या कार्डावरून फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात.