काळा अल्बम की पिवळा पीतांबर?

एका वाचकाने विचारले आहे, की मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या १९९१ सालच्या अल्बमविषयी मराठीत लिहिताना त्याला 'ब्लॅक अल्बम' म्हणावे की 'काळा अल्बम', आणि मुळात 'अल्बम'ऐवजी 'गीतसंग्रह' लिहिलेले चालेल का. अल्बम म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. पण हल्ली एका गाण्याचे चित्रीकरण उरकले, की 'आमचा नवा अल्बम आला' अशी दवंडी पिटली जाते आणि 'अल्बम साँग' हा शब्द तर लोक बिनदिक्कत वापरतात. एका गाण्याचा अल्बम होत नाही, एवढे बजावून शब्दाच्या कुळाकडे वळतो.

लॅटिनमध्ये 'अल्बुस' म्हणजे पांढरा आणि 'अल्बुम' हे त्याचे नपुंसकलिंगी रूप. प्राचीन रोममध्ये प्रेटर हा न्यायाधिकारी आपले जाहीरनामे पांढऱ्या रंगवलेल्या फळीवर लावत असे; त्या फळीलाच अल्बुम म्हणत आणि तिच्यावरील मजकुरात ढवळाढवळ करणाऱ्याला दंड होई. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांचे आणि गुरुजनांचे अभिप्राय ज्या वहीत घेत, ती 'अल्बुम आमिकोरुम', म्हणजे मित्रांची वही. पुढे छायाचित्रांच्या वहीला तेच नाव मिळाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावे, म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून त्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत विकल्या जात. १९४८ साली एल.पी., म्हणजे जास्त वेळ वाजणारी 'लाँग प्ले' तबकडी आली, सगळे एका तबकडीवर मावू लागले, वही गेली आणि नाव राहिले.

फोटोंच्या वहीला हे नाव तिच्या पांढऱ्या पानांमुळे पडले, असे काही विद्वान छातीठोकपणे सांगतात. या मंडळींनी आजीच्या लग्नाचा अल्बम कधी उघडलेला दिसत नाही. त्याची पाने जाड, काळ्या कागदाची असत, फोटोचे कोपरे खोचायला गोंद लावलेले चिमुकले त्रिकोण असत आणि दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद असे. पांढरे होते ते निराळेच. एकोणिसाव्या शतकात फोटोंच्या कागदाला अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप देत, आणि त्या बलकाचे 'अल्ब्युमेन' हे नावही 'अल्बुस'वरूनच आलेले आहे. फोटोंच्या वहीला 'अल्बम' हाच शब्द घट्ट चिकटला, त्यात या भावंडशब्दाचा हात असावा, असा माझा तर्क आहे; कोश त्याला दुजोरा देत नाहीत, ती कोशांची अडचण.

या हिशेबाने 'ब्लॅक अल्बम' म्हणजे 'काळे पांढरे', तर बीटल्सचा १९६८ सालचा 'व्हाइट अल्बम' म्हणजे आपला पिवळा पीतांबर. (त्यातल्या 'हेल्टर स्केल्टर'ला कित्येक मेटलप्रेमी आपल्या संगीताचा पूर्वज मानतात.) दोन्ही टोपणनावेच, अधिकृत नाव दोन्हीकडे केवळ बँडचे. मेटॅलिकाच्या काळ्या वेष्टनावर तर ते नाव आणि वेटोळे घातलेला साप इतके अंधुक आहेत, की उजेडात धरून निरखावे लागतात.

हार्ड रॉकमध्ये असे वेष्टन त्याआधीही आले होते. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला आणि त्याच वर्षीच्या जुलैत 'बॅक इन ब्लॅक' निघाला, तो त्याच्या शोकार्थ काळ्या वेष्टनात. त्याची पहिली बाजू घंटेच्या संथ टोल्यांनी सुरू होते, दुसरी शीर्षकगीताच्या गिटारने. बाजूला पाच-पाच गाणी, आणि मध्ये तबकडी उलटण्याचा विराम, ज्याच्यानंतर ती गिटार आली नाही तर तिचा निम्मा जोर जातो. म्हणूनच 'गीतसंग्रह' मला पटत नाही. संग्रह विखुरलेल्या गोष्टींचा करतात. इथे गाण्यांचा क्रमही रचलेला असतो.

राहिला मूळ प्रश्न. टोपणनावाचे भाषांतर करत नाहीत, म्हणून 'ब्लॅक अल्बम' असेच लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'मेटॅलिका' हे खरे नाव द्यावे. 'अल्बम्स' असे अनेकवचन मात्र लिहू नये. मराठीत एक अल्बम, दहा अल्बम.