'आभासी' कशाला? नक्कल म्हणा

तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: जीपीएस रिसीव्हर तपासताना प्रयोगशाळेत सिम्युलेटरमधून, म्हणजे उपग्रहांसारखे सिग्नल तयार करणाऱ्या यंत्रातून, जो सिग्नल देतात, त्याला मराठी टिपणांत 'आभासी सिग्नल' म्हणावं की 'बनावट सिग्नल'? आणि रिसीव्हरला 'ग्राही' चालेल का?

'आभासी' आधी खोडा. करोनापासून या शब्दाला ऊत आलाय. वर्ग आभासी, सभा आभासी, चलन आभासी, आता रेडिओलहरसुद्धा! शाळेतली आरशाची आकृती आठवा. आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, कारण किरण तिथे पोचलेलेच नसतात. इथे लहर चांगली पोचते. सिम्युलेटरमधून १५७५.४२ मेगाहर्ट्झची खरीखुरी लहर निघते, केबलमधून थेट रिसीव्हरच्या अँटेनाच्या जोडणीत शिरते. खरे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल खाली येईतो गोंगाटात बुडून जातो, म्हणून सिम्युलेटरलाही मुद्दाम तितकाच क्षीण सिग्नल द्यावा लागतो. खोटं काय, तर केबलच्या दुसऱ्या टोकाला उपग्रह नाही, इतकंच.

'बनावट'ला नोटांचा आणि दारूचा वास येतो. हिंदी परिभाषेतला 'अनुकार' काही विद्वान आपल्याकडे रेटतात. त्यांनी तो एकदा वर्गात मोठ्याने म्हणून पाहावा. निम्मी मुलं 'अनुस्वार' लिहून घेतील.

शब्द आपल्याकडे आहे: नक्कल. त्यात लबाडी आहे, असं म्हणणाऱ्यांनी 'नकली'चा राग 'नक्कल'वर काढू नये. सातबाऱ्याची नक्कल आपण शिक्क्यानिशी घेतो आणि बँकेत बिनदिक्कत देतो.

आणि व्युत्पत्ती तर अशी की हा शब्द याच कामासाठी राखून ठेवला होता म्हणावं. मूळ अरबी 'नक्ल'. पहिला अर्थ प्रत काढणं नव्हेच. इथून उचलून तिथे नेणं! इजिप्तच्या वाहतूक मंत्रालयाच्या नावात आजही हाच 'नक्ल' आहे. मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर नेला की ती प्रत, म्हणून आपली नक्कल. उर्दूतला 'इंतकाल' त्याच धातूचा: माणूस या जगातून त्या जगात हलला.

आता सिम्युलेटर काय करतो ते बघा. रिसीव्हर टेबलावर स्क्रूने आवळलेला. यंत्र हिशेब करतं की अमुक जागी, अमुक वेळी प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल किती उशिरा पोचला असता, डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे उपग्रह आणि रिसीव्हर एकमेकांच्या जवळ-दूर जाण्यामुळे, त्याची वारंवारता किती सरकली असती, आणि तसे सगळे सिग्नल एकत्र सोडतं. एका मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा, उशीर म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक. रिसीव्हर जागचा हलत नाही, पण त्याच्या लेखी तो रॉकेटवर बसून निघालेला असतो. निव्वळ नक्ल! काळातही नेता येतं. जीपीएस तारीख कळवायला आठवडे मोजतं, आणि हा दहा बिटांचा आठवडा-क्रमांक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. १९९९ आणि २०१९ मध्ये आला, पुढची पाळी २०३८ ची. ती रात्र प्रयोगशाळेत आजच घडवून पाहता येते.

केबलऐवजी हवेतून सिग्नल द्यायचा तर बंदिस्त, लहरी शोषणाऱ्या भिंतींची खोली हवी. २०१७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला उपग्रह-दिशादर्शनाच्या परिषदेत प्रदर्शनातल्या एका सिम्युलेटरचा सिग्नल बाहेर झिरपला, आणि तज्ज्ञांचे फोन आपण फ्रान्सात तुलूझला, जानेवारी २०१४ मध्ये आहोत असं दाखवू लागले. दिशादर्शनाच्या तज्ज्ञांचे, हे विशेष!

हेच कोणी जाणूनबुजून, दुसऱ्याच्या जहाजाला भरकटवायला केलं, तर मात्र ती नक्कल राहत नाही. त्याला 'तोतया सिग्नल' म्हणा. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला वर्षानुवर्षं घोर लावला होता. मराठी वाचकाला हा शब्द समजावून द्यावा लागणार नाही. इंग्रजीतल्या 'स्पूफिंग'ला 'छद्मसंकेतन' वगैरे घडवत बसणाऱ्यांची मला कीव येते.

'ग्राही'चं राहिलं. रिसीव्हरच लिहा, मुलं तसंच म्हणतात.